वाट चुकलेला प्रेक्षक

देशातली बॉक्सिंगची पहिली संघटना मुंबईत झाली, असं लालबागच्या नाक्यावर कुणाला सांगितलं तर तो आधी हसेल. पण १९२५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी अॅमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन इथंच स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा मार्च १९५० मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. त्या मैदानापासून गिरगाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही गिरगावात, दादरला, लालबाग-परळात या खेळाला म्हणावा असा प्रेक्षक मिळाला नाही. आपल्याकडच्या व्यायामशाळांत मल्लखांब होता, कुस्ती होती, संध्याकाळी मैदानात कबड्डीची चढाई होती. ठोसे मारायचा खेळ लष्कर, पोलीस, रेल्वे यांच्या संघांपुरता राहिला. आमच्या भागात बॉक्सिंग आलं ते टीव्हीच्या काचेतून. आता ती काच हातात मावेल एवढी झाली आहे.

पुढच्या पानांचा विषय त्यामुळे बॉक्सिंग कसं खेळतात हा नाही. ते कुठं, कशावर, कुणाच्या शेजारी बसून आणि कुणाच्या पैशानं पाहिलं गेलं, हा आहे. सबंध जगात बॉक्सिंगचं प्रक्षेपण टीव्हीकडून इंटरनेटवरच्या सेवांकडे सरकलं. त्याविषयी बोलताना हक्कांचे करार, कोट्यवधींचे आकडे, कोणती कंपनी आली आणि कोणती गेली, एवढंच सांगितलं जातं. तेही इथं येईल. पण माझ्या मते या सगळ्या स्थलांतरात जी गोष्ट खरोखर हरवली तिचा कुठल्याच करारात उल्लेख नाही. ती म्हणजे दुसरंच काही बघायला बसलेला आणि चुकून बॉक्सिंग बघत राहिलेला माणूस. छोट्या खेळांचा प्रेक्षक असाच, वाट चुकून आलेला असतो. क्रिकेटला त्याची गरज नाही. बॉक्सिंगला होती.

आधी वरळीची गोष्ट सांगायला हवी. लाला लजपतराय मार्गावरचं वल्लभभाई पटेल स्टेडियम, म्हणजे आताचा एनएससीआय डोम. गिरणगावातल्या जुन्या पिढीला हे स्टेडियम आठवतं ते दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांसाठी. याच मुंबईत मे १९६८ मध्ये दारासिंगनं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. त्या काळी लढत बघायची तर तिकीट काढून जायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं. तिसरा मार्ग नव्हता. ज्यानं पाहिली तो पुढं महिनाभर कँटीनमध्ये ती हातवारे करून सांगायचा, आणि सांगताना ती दरवेळी थोडी मोठी व्हायची. याच डोममध्ये २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. आणि ५ ऑगस्ट २०१७ ला याच छताखाली विजेंदर सिंग चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीविरुद्ध दहा फेऱ्या लढला. पंचांचे गुण ९६-९३, ९५-९४, ९५-९४ असे, म्हणजे निकाल चांगलाच काठावरचा. डोकलामवरून भारत-चीनमधला तणाव तेव्हा ताजा होता. जिंकल्यावर विजेंदरनं शांततेसाठी पट्टा परत द्यायची तयारी दाखवली आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांत लढतीपेक्षा त्या वाक्याचीच चर्चा जास्त झाली. त्या संध्याकाळच्या इतर लढतींत नीरज गोयत नावाचा हरियाणाचा बॉक्सर होता. त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

टीव्हीचा आरंभही वरळीचाच. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. तीन वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७५ ला, मनिलामध्ये महंमद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत झाली. अमेरिकेतल्या एचबीओ या वाहिनीनं ती उपग्रहावरून आपल्या ग्राहकांच्या घरात पोचवली. घरबसल्या पैसे भरून बॉक्सिंग बघण्याच्या धंद्याची ती मुहूर्तमेढ म्हणता येईल. आपल्याकडे तेव्हा आणीबाणी चालू होती आणि टीव्ही चाळीत एखाद्याच खोलीत असायचा. जानेवारी १९८० मध्ये अली स्वतः भारतात आला आणि दिल्लीत लष्करातल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला. याच कौर सिंगनं १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेट गटाचं सुवर्ण जिंकलं. एशियाडच्या निमित्तानं टीव्ही रंगीत झाला, हे सगळ्यांना आठवतं. कौर सिंग फारसा कुणाला आठवत नाही.

तरीही त्या टीव्हीनं एक काम केलं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात आख्खा मजला. खोली दहा बाय बाराची. आत म्हातारी माणसं, उंबऱ्यावर मुलं, बाहेर गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून उभे असलेले पुरुष. काय बघायचं हे कुणी ठरवायचंच नाही, कारण वाहिनी एकच. भारतीय बॉक्सर रिंगमध्ये उतरलेला दिसला की हॉकीसाठी थांबलेली माणसं तेही बघायची. नियम कुणालाच नीट ठाऊक नसायचे. पण कोण मार खातोय हे कळायला नियम लागत नाहीत, आणि चाळीतल्या प्रत्येक मजल्यावर एक तरी तज्ज्ञ असतोच.

नव्वदच्या दशकात वायर आली. आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या, १९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि तिची प्राइम स्पोर्ट्स ही वाहिनी आली, आणि गिरगावच्या गल्ल्यांवर या गच्चीवरून त्या गच्चीवर काळ्या वायरींचं जाळं पसरलं. केबलवाला महिन्याच्या महिन्याला दारात यायचा, ठोक पैसे घ्यायचा आणि जे दिसेल ते दाखवायचा. या ठोकपणाला मी फार महत्त्व देतो. खेळांच्या वाहिन्यांचे वेगळे पैसे नव्हते. रिमोटवर बोट दाबत जाताना मध्येच दोन माणसं एकमेकांच्या बरगड्यांवर ठोसे मारताना दिसायची आणि बोट थांबायचं. कुस्तीच्या नावाखाली चाललेला अमेरिकी तमाशाही याच वायरीतून आला. त्यातल्या अंडरटेकर नावाच्या मल्लाच्या पत्त्यांवर मे महिन्याच्या सुट्टीत अख्ख्या वाड्या खेळल्या. जाणकार नाक मुरडतील, पण रिंग, दोऱ्या, घंटा आणि पट्टा या गोष्टींची ओळख मुंबईतल्या एका पिढीला तिथंच झाली.

त्यात वेळेचा एक योगायोग होता. लास व्हेगासमध्ये शनिवारी रात्री मुख्य लढत लागते तेव्हा मुंबईत रविवारची सकाळ असते, साधारण साडेआठ-नऊची. म्हणजे पुरुष मंडळी घरात, पेपर हातात, मटण आणायला अजून कुणी गेलेलं नाही. रामायण-महाभारतानं रविवार सकाळी टीव्हीसमोर बसायची सवय लावून ठेवलेलीच होती. ३ मे २०१५ ला, रविवारीच, मेवेदर आणि पॅकियाव यांची लढत झाली. अमेरिकेत ती घरी बघायला शंभर डॉलरच्या आसपास मोजावे लागले आणि तसे शेहेचाळीस लाख ग्राहक निघाले. आपल्याकडे ती केबलच्या महिन्याच्या पैशांत दिसली. शतकातली सर्वांत मोठी लढत म्हणून गाजवलेली ती झुंज प्रत्यक्षात कंटाळवाणी निघाली, पण फुकटात पडल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

या ठोक व्यवस्थेला पहिला धक्का दक्षिण मुंबईतच बसला. २००७ च्या सुरुवातीला मुंबईच्या ज्या भागात सशुल्क वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्सचा डबा सक्तीचा झाला तो आमचाच होता. फुकटच्या वाहिन्या ७७ रुपयांत आणि पुढं प्रत्येक सशुल्क वाहिनीला कमाल ५ रुपये. मग ऑक्टोबर २०१२ अखेर सबंध मुंबईत डबा आला. २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या दरपत्रकानं घराघराला वाहिन्यांची यादी करायला लावली: १३० रुपये मूळ शुल्क, वर कर, वर ज्या हव्या त्या वाहिन्या. ग्राहकाचा हक्क म्हणून हे योग्यच होतं. पण यादी करायला बसलेल्या घरात मालिका, बातम्या आणि क्रिकेट यांच्या पुढं कोण जातो? बॉक्सिंग दाखवणारी वाहिनी मुद्दाम मागून घेणारं घर लालबागमध्ये मला तरी भेटलेलं नाही. निवड आली आणि योगायोगाला घरात शिरायला जागा उरली नाही. इंटरनेटवरच्या सेवांनी पुढं हेच केलं, फक्त टोकापर्यंत नेलं.

कबड्डीचं मात्र उलट घडलं, आणि म्हणून ती इथं महत्त्वाची. लालबाग-परळला कबड्डी शिकवायला टीव्हीची गरज नव्हती. ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्यापासून प्रभादेवीपर्यंत तिचे सामने होत आलेत, गिरण्यांचे संघ होते, बाकावर बसून पंचांना शिव्या देणारा रसिक होता. पण २०१४ मध्ये स्टारनं ती रोज रात्री आठला, मॅटवर, झगमगाटात दाखवली. पहिल्याच हंगामाला प्रेक्षकसंख्या ४३ कोटींच्या वर गेल्याचं प्रसिद्ध झालं. जिनं आयुष्यात मैदानाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ती आजी अनुप कुमारच्या बोनसवर बोलायला लागली. ती वाट चुकलेली प्रेक्षक. मालिका आणि जेवण यांच्या मधल्या वेळेत तिला कुणीतरी कबड्डी दाखवली. बॉक्सिंगच्या वाट्याला असा रेटा आला नाही. २०१७ मध्ये एक लीग झाली, २०१९ मध्ये बिग बाउट नावाची दुसरी. दुसरीत ‘बॉम्बे बुलेट्स’ नावाचा संघही होता, पण ज्या शहराचं नाव लावलं त्या शहरात लढती झाल्या नाहीत. हंगाम एकच झाला. कितीजणांना तो संघ आठवतो?

आता निर्णय कुठं होतात ते बघा. गणपतराव कदम मार्गावर स्टारचं कार्यालय, जवळच मफतलाल मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये झी. ज्या लोअर परळमध्ये साच्यांवर माणसं उभी होती तिथंच देशानं कोणता खेळ बघायचा हे ठरू लागलं. पुढच्या उलथापालथींची यादी भराभर सांगतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये हॉटस्टार आलं, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या हक्कांचा लिलाव झाला तेव्हा भारतातल्या टीव्हीच्या हक्कांना २३,५७५ कोटी आणि डिजिटलच्या दोन गटांना मिळून २३,७५८ कोटी रुपये आले. काटा तिथं सरकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं. एप्रिल २०२५ पासून अंडरटेकरवाला तमाशा सोनीच्या वाहिन्यांवरून उठून नेटफ्लिक्सवर गेला. तिकडं अमेरिकेत एचबीओनं डिसेंबर २०१८ मध्ये आणि शोटाइमनं २०२३ अखेर बॉक्सिंग बंदच केलं होतं.

आणि १६ नोव्हेंबर २०२४ ची सकाळ. शनिवार. टेक्सासमध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन आणि २७ वर्षांचा जेक पॉल. पॉल आधी यूट्यूबवर गाजला, मग बॉक्सर झाला. नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार जगभरात सहा कोटी घरांत ती लढत पाहिली गेली आणि एका क्षणी साडेसहा कोटी ठिकाणी ती एकाच वेळी चालू होती. अनेकांच्या पडद्यावर मात्र गोल चक्रच फिरत राहिलं. लढत म्हणून ती रद्दी होती. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, एका थकलेल्या माणसाभोवती सावधपणे फिरणारा दुसरा. पण त्याच कार्यक्रमात आपला नीरज गोयत होता! ब्राझीलच्या व्हिंडरसन नुनेसला त्यानं सहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. सात वर्षांपूर्वी वरळीच्या रिंगमध्ये उतरलेला माणूस जगातल्या सर्वांत मोठ्या पडद्यावर होता, आणि वरळीत किती जणांना ते कळलं? टीव्हीचे दिवस असते तर टायसनच्या नावानं बसलेल्या गॅलरीनं हा ‘आपला’ म्हणून आरडाओरडा केला असता. इथं ज्याच्याकडे ती सेवा होती आणि जो सकाळी लवकर मुद्दाम उठला होता त्यालाच तो दिसला.

गोल चक्र का फिरतं, हे थोडं समजून घेण्यासारखं आहे. टीव्हीचा सिग्नल आकाशातून एकदाच खाली येतो. तो एकानं पकडला काय आणि कोटींनी पकडला काय, पाठवणाऱ्यावर भार तेवढाच. इंटरनेटवर प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळा प्रवाह लागतो. प्रेक्षक वाढला की सर्व्हर वाढवावे लागतात, ठिकठिकाणी आधीच साठे उभारावे लागतात. या बाबतीत आपण मागे नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला डिस्ने-हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते आणि गाडी रुळावरून घसरली नव्हती. त्याचं गमक लोअर परळला नेटफ्लिक्सच्या वर्षभर आधी कळलेलं होतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

दुसरी अडचण उशिराची. प्रवाह तुकड्यातुकड्यांनी येतो, म्हणून मोबाइलवरचं चित्र टीव्हीपेक्षा काही सेकंद मागं असतं, कधी अर्धा मिनिटही. क्रिकेटमध्ये ते खपतं. बॉक्सिंगमध्ये सगळं एका ठोशात संपतं. पातळ भिंतींच्या चाळीत पलीकडे टीव्ही आणि अलीकडे मोबाइल असेल तर शेजारची आरोळी आधी येते आणि ठोसा नंतर. शेजार असण्याचा असा तोटा पूर्वी कुणाच्या कल्पनेतही नसेल.

शेजार मात्र संपलेला नाही, त्यानं रूप बदललं. ‘टीव्ही बघायला येऊ का’ हे ‘पासवर्ड दे ना’ झालं. एका मावसभावाची वर्गणी दादरपासून डोंबिवलीपर्यंत चार घरांत चालायची. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं भारतात त्याला चाप लावला. मोबाइलपुरती १४९ रुपयांची योजना आहे, पण ती नावाप्रमाणेच मोबाइलपुरती, म्हणजे एका माणसापुरती. मग पोरं टेलिग्रामवर लिंक शोधतात. ते बेकायदा आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण रात्री लिंक शोधून सकाळी ती मित्रांना पाठवणारा मुलगा ही या भागातली शेवटची सार्वजनिक प्रक्षेपण-व्यवस्था आहे, असं मला कधी कधी वाटतं. आणि तो केबलवाला? तो आता वायफायवाला झाला. गच्चीवरची त्याची वाट तीच आहे.

नव्या व्यवस्थेला प्रेक्षकाबद्दल सगळं माहीत असतं, ही तिची खरी ताकद. टीव्हीची मोजदाद काही निवडक घरांतल्या मीटरांवरून होते. इथं कोण कितव्या फेरीला उठून गेला, याची नोंद राहते. म्हणून पुढची लढत कुणाची लावायची याचा कौल ठोशांपेक्षा या नोंदी देऊ लागल्या आहेत. टायसन-पॉल हे त्याचंच फळ, आणि मला त्यात खेळाची प्रगती दिसत नाही. पण दुसरी बाजू लपवणं बरोबर नाही. जास्तीच्या भाषेसाठी टीव्हीवर सहसा वेगळी वाहिनी लागायची. इथं आवाजाची आणखी एक पट्टी पुरते. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं. त्यात केदार जाधव बोलत होता आणि हंगामाच्या मध्यातच बेंगळुरूनं त्याला खेळायला बोलावून घेतलं, हा त्यातला गमतीचा भाग. कुस्तीला शंकरअण्णा पुजारींसारखा निवेदक लाभला म्हणून मैदानाबाहेरचा माणूसही डाव ओळखू लागला. बॉक्सिंगला मराठीत असा आवाज मिळाला तर मोबाइलच्या पडद्यावरही नवा प्रेक्षक तयार होईल. आज ते करायला फार खर्च येत नाही. करणारा हवा.

जागाही बदलतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचं घर. या माणसांच्या आनंदात मिठाचा खडा टाकायचा माझा विचार नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्यालाच दोन खोल्यांची किंमत कळते. पण गॅलरीत उभं राहून बघणारा प्रेक्षक गेला त्याचं खापर एकट्या मोबाइलवर फोडणारे लेख मी या पुस्तकात घेतले नाहीत, ते यासाठी.

राहिला कायदा. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचा सिग्नल हक्क घेणाऱ्या कंपनीला दूरदर्शनला द्यावा लागतो आणि ऑलिम्पिक त्या यादीत आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा सिग्नल खाजगी केबलवर चालवायला मनाई केली. तो दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवर. हा कायदा टीव्हीचा विचार करून लिहिलेला आहे. मोबाइलवर एकट्यानं बघणारा त्यात बसत नाही. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत बॉक्सिंग ठेवायचं पक्कं केलं. तिथं संध्याकाळी सातला घंटा वाजली तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील, पाणी येऊन गेलेलं असेल आणि डबे भरायची घाई चालू असेल. त्या वेळी घरात कोणता पडदा चालू असतो आणि त्यावर काय लागायचं हे कोण ठरवतं, इथून पुढचा पहिला लेख सुरू होतो.